काळी तीन, काळी पाच आणि न संपणारी दुसरी बाजू

गेल्या अंकात मॉन्ट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या बँडच्या पहिल्या तबकडीवर मी याच पानात चार ओळी लिहिल्या, आणि या महिन्याचं सगळं टपाल तिच्याबद्दलच आलं. एरवी या सदराला 'प्लेअरचा बेल्ट कुठे मिळेल', 'तबकडीवरची बुरशी कशानं जाते' असली पत्रं येतात. बुधवार पेठेत दुरुस्तीच्या टेबलामागे उभा जन्म गेलाय, त्यामुळे ती उत्तरं मी झोपेतही देईन. बेल्टवाल्यांनी या खेपेला जरा दम धरावा.

गेला अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९७ साली निघालेली ही एलपी. नाव 'एफ शार्प, ए शार्प' आणि त्यापुढे अनंताचं चिन्ह. त्यात गायक नाही, मुखडा-अंतरा नाही. गिटारी, व्हायोलिन, चेलो, ड्रम, आगगाडीचा खडखडाट आणि रस्त्यावर बोलणारी माणसं. असल्या वादनाला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. रॉकची वाद्यं घ्यायची आणि त्यांच्याकडून रॉक सोडून दुसरंच काम करवून घ्यायचं. १९९४ साली सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकानं हा शब्द रुळवला. ज्यांना तो लावला त्यातले बरेच वादक आजही त्याच्या नावानं बोटं मोडतात. असो. पत्रांकडे वळू.

मिरजेहून एक पेटीशिक्षिका विचारतात: तबकडीच्या नावात दोन सुरांची नावं कशासाठी? माझा भाचा म्हणतो की हे संगीत म्हणजे आपल्या विलंबित ख्यालासारखंच आहे. मी ऐकलं, मला काही तसं वाटेना. तुमचं मत काय?

बाई, पेटी उघडलेलीच असेल तर वाजवून बघा. एफ शार्प म्हणजे आपली काळी तीन, ए शार्प म्हणजे काळी पाच. एलपीची पहिली बाजू ज्या सुरावर उघडते तो पहिला, दुसरी बाजू उघडते तो दुसरा. काळी तीनला सा धरलात तर काळी पाच शुद्ध गंधार होतो, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींशी सुरात आहेत. अनंताचं चिन्ह कुठून आलं ते पुढच्या एका पत्रात येतंय.

भाच्याला सांगा, तुमचे कान बरोबर आहेत. दोन्ही संथ आहेत, दोन्ही वाढत वाढत जातात, एवढ्यावर नातं संपलं. विलंबितात गवई समोर बसून त्या क्षणी ठरवतो की गंधारावर आणखी किती थांबायचं. आज थांबेल, उद्या थांबणार नाही. इथे सात-आठ माणसांनी तालमीत जे बसवलं ते टेपवर घेतलं आणि मग कापून, जोडून, पुढे-मागे करून लावलं. यातली कलाकुसर बरीचशी कात्रीची आहे. आणि आपल्याकडे सूर लागला की त्याला विस्तार देतात, यांच्याकडे सूर लागला की त्याच्यावर थर चढवतात. एक गिटार दोनच स्वर धरून बसते, मग दुसरी, मग व्हायोलिन, मग ड्रम, आणि सगळं मिळून उकळी फुटेपर्यंत थांबायचं. विस्तार शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. थर मोजा.

नाशिकचा एक कॉलेजातला मुलगा लिहितो: काका, बँडच्या नावातलं उद्गारचिन्ह काही ठिकाणी मध्ये आहे, काही ठिकाणी शेवटी. बरोबर कोणतं? आणि हा खरंच त्यांचा पहिला अल्बम आहे का? मित्र म्हणतो, याच्या आधी एक कॅसेट निघाली होती.

दोन्ही बरोबर. ही तबकडी निघाली तेव्हा चिन्ह शेवटी होतं, २००२ पासून ते 'यू'नंतर आलं. नाव त्यांनी उचललंय एका जपानी माहितीपटावरून. मितसुओ यानागिमाची यांनी १९७६ साली मोटरसायकलवरून हुंदडणाऱ्या 'ब्लॅक एम्परर' नावाच्या टोळीवर तो काढला होता. नावात राजकारण शोधणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं.

तुझ्या मित्राचंही खरं आहे. एफ्रिम मेनक, माईक मोया आणि मॉरो पेझेंटे या तिघांनी १९९४ मध्ये एक कॅसेट काढली होती. प्रती किती, तर तेहतीस! पुढची अठ्ठावीस वर्षं ती नुसतीच ऐकीव राहिली. २०२२ मध्ये ती बाहेर पडल्यावर बँडनं स्वतःच बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावर ठेवली. मी ऐकलीय. तुकडे तुकडे आहेत, काही ठिकाणी चक्क गाणं म्हटलंय. तेहतीस ओळखीच्यांना वाटलेली कॅसेट म्हणजे पदार्पण नव्हे, असं माझं मत. तालमीच्या खोलीबाहेरच्या माणसासाठी म्हणून पहिली वस्तू बनवली ती १९९७ची एलपीच.

सोलापूरहून एक त्रस्त ग्राहक: तुमचं वाचून ही एलपी मागवली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी सुई अडकते आणि तेच ते दोन सेकंदांचं वाजत राहतं. पहिली बाजू व्यवस्थित वाजते. दुकानदाराला फोन केला तर तो हसला आणि 'बदलून मिळणार नाही' म्हणाला. एवढे पैसे मोजून सदोष माल का घ्यायचा?

साहेब, दुकानदारानं हसायच्या ऐवजी समजावून सांगायला हवं होतं. तुमची तबकडी ठणठणीत आहे. जे वाजत राहतंय तेच ते अनंत.

होतं काय ते सांगतो. एलपीवरची खाच ही कडेपासून मध्यापर्यंत जाणारी एकच लांब गुंडाळी असते. शेवटाला सुई घसरून लेबलावर जाऊ नये म्हणून प्रत्येक एलपीच्या अखेरीस एक बंद खाच ठेवतात. स्वतःलाच येऊन मिळणारं गोल कडं म्हणा. तुमच्या घरातल्या नाट्यसंगीताच्या तबकडीवरही ते आहे. त्यात आवाज भरलेला नसतो म्हणून नुसती 'खट्... खट्' ऐकू येते, इतकंच. या मंडळींनी त्या बंद कड्यात संगीत भरलं. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एकतृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. त्यामुळे तुम्हाला जे दोन सेकंदांचं वाटतंय ते बरोबर १.८ सेकंदांचं असतं, कारण त्या कड्यात त्याहून जास्त मावतच नाही. हा तुकडा तारवाद्यांच्या ज्या भागातला आहे त्याला त्यांनी नाव दिलंय, 'धो धो पावसात बनवलेला तारांचा फेरा' अशा अर्थाचं. तो किती वेळ चालावा हे ते ठरवत नाहीत. तुम्ही उठून सुई उचलाल तेव्हा तबकडी संपली.

त्यातही एक गंमत आहे. ज्यांच्या प्लेअरला ऑटो-रिटर्न आहे त्यांच्याकडे हा अनंत बहुधा वाजणारच नाही. सुईचा हात ठरावीक जागी पोचला की यंत्र तो उचलून परत ठेवतं. हाताने सुई ठेवावी-उचलावी लागते अशा साध्या प्लेअरवरच ही तबकडी पूर्ण वाजते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं मला 'ऑटोमॅटिक करून द्या हो' म्हणत आली, त्यांना आता उत्तर सापडलं.

सुई मात्र खरोखरच झिजते, तेव्हा प्लेअर चालू ठेवून जेवायला जाऊ नका.

ठाण्याहून एक वाचक: माझ्याकडे सीडी आहे, मेहुण्याकडे एलपी. सीडीवर तीन लांबलचक ट्रॅक आहेत, एलपीवर दोन. नावंही जुळत नाहीत. एलपीत काही गाळलंय का? दोन्हींत अस्सल कोणती?

या पत्राची मी वाटच पाहत होतो. नेटवरच्या बहुतेक लिखाणात या दोन्ही एकच धरून चालतात, आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते.

आधी एलपी निघाली, ऑगस्ट १९९७ मध्ये. 'कॉन्स्टेलेशन' नावाच्या, त्याच वर्षी सुरू झालेल्या मॉन्ट्रियलच्या छोट्या कंपनीनं काढली, त्यांच्या यादीतली तिसरी. दोन बाजू मिळून चाळीसेक मिनिटं. बाजूंची नावं म्हणजे विशेषणांच्या रांगा आहेत: एकीला 'अस्वस्थ, दुःखी, गरीब' आणि दुसरीला 'उदास, अनिश्चित, सुंदर'. पुढच्या वर्षी शिकागोच्या 'क्रँकी' कंपनीनं सीडी काढायची ठरवली. सीडीत जागा भरपूर. मग बँडनं एलपी जशीच्या तशी ओतली नाही. सगळी उसवली, नवे भाग घातले आणि पुन्हा शिवली. 'द डेड फ्लॅग ब्लूज', 'ईस्ट हेस्टिंग्ज' आणि 'प्रॉव्हिडन्स' असे तीन ट्रॅक झाले. पहिला साडेसोळा मिनिटांच्या आसपास, दुसरा अठराला टेकलेला, तिसरा एकोणतीस. एकूण तासाभराहून थोडं जास्त.

आता एक तुकडा धरून पाहा. 'ड्रग्ज इन टोकियो' नावाचा एक भाग आहे. एलपीवर तो पहिल्या बाजूला येतो. त्याच्या आधी स्लाइड गिटारचा, ओसाड माळावर एकटाच घोडेस्वार चाललाय असा 'काउबॉय' भाग, आणि त्याच्या नंतर ग्लॉकेनश्पील या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या किणकिणाटातली व्हायोलिनची एक छोटी, जवळजवळ आनंदी चाल. त्यामुळे एलपीवर त्या चालीआधी मध्ये अंधाराचा एक पट्टा लागतो, आणि ती चाल आली की हायसं वाटतं. सीडीवर हाच भाग उचलून दुसऱ्या ट्रॅकमध्ये, 'द सॅड माफिओसो'च्या दणक्यानंतर टाकलाय. तिथे तो दणक्यानंतरची राख होतो. आणि इकडे पहिल्या ट्रॅकमध्ये घोडेस्वारानंतर ती आनंदी चाल जवळजवळ लगेच येते, थोडी फुकटात मिळाल्यासारखी. तुकडे तेच ठेवून जागा बदलली की अर्थ असा फिरतो.

शेवटाचंही तसंच. सीडीला बंद खाच नसते. म्हणून तिथे तारांचा फेरा विरत जातो, मग काही मिनिटं शुद्ध शांतता आणि त्यानंतर न सांगता आलेला एक शेपटाचा तुकडा. नव्वदीतल्या सीड्यांची ती खोडच होती, शेवटी काहीतरी लपवून ठेवायचं. एलपीचा शेवट तुम्हाला खुर्चीतून उठवतो. सीडीचा शेवट 'संपलं वाटतं' म्हणून तुम्ही उठलात की दचकवतो.

तेव्हा गाळलेलं काही नाही. एकाच कापडातून शिवलेले हे दोन वेगळे कपडे आहेत. अस्सल कोणता विचाराल तर दोन्ही. जवळचा कोणता विचाराल तर माझं मत एलपीला. सीडीवरचे काही वाढीव भाग उत्तम आहेत, पण एकोणतीस मिनिटांचा 'प्रॉव्हिडन्स' मधूनच सैल पडतो. चाळीस मिनिटांच्या मर्यादेनं त्यांच्याकडून जास्त चांगलं काम करवून घेतलं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेलात तर खाचा एकमेकींना खेटून कोराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. एवढ्या हळू आवाजातल्या संगीताला ते परवडलं नसतं.

मेहुण्याची एलपी एकदा मागून आणा. परत करताना पाकिटातलं नाणं परत केलं का तेवढं बघा.

त्याच नाण्याबद्दल अकोल्याहून: पाकिटातलं चपटं नाणं खरं आहे की जाहिरातीची क्लृप्ती?

खरं आहे. कॅनडाचं एक सेंटचं नाणं, रुळांवर ठेवून आगगाडीखाली चपटं केलेलं. बँडची तालमीची जागा मॉन्ट्रियलच्या माइल एंड भागात, रेल्वेच्या रुळांजवळ. जागेचं नाव 'हॉटेल टू टँगो'. हॉटेलशी काही संबंध नाही, त्या भागाच्या पिनकोडाची सुरुवात एच, दोन, टी अशी होते. वायरलेसवर बोलतात तसं म्हटलं की हॉटेल-टू-टँगो. पहिल्या पाचशे-साडेपाचशे प्रतींची वेष्टनं ओळखीपाळखीच्या कलाकारांनी हातांनी केली. मुखपृष्ठावर फोटो चिकटवायचा, पाकिटात चित्रं, कागद आणि हे नाणं सरकवायचं. नाणी सापडणं पुढे अवघड झालं असणार, कारण कॅनडानं २०१३ साली एक सेंट चलनातून वाटणंच थांबवलं.

जुन्या तबकड्यांच्या बाजारातल्या भडकलेल्या दरानं मूळ प्रत घ्यायच्या भानगडीत पडू नका. नवी छापील प्रत ऐकायला उत्तम आहे.

नागपूरहून एक निवृत्त शिक्षक: मुलानं ऐकवलं. सुरुवातीला एक माणूस घोगऱ्या आवाजात बराच वेळ इंग्रजीत बोलतो. संगीत असतं मागे, पण शब्द नीट कळत नाहीत. तो काय सांगतोय?

सर, तो म्हणतोय की गाडीला आग लागलीय आणि चाक हातात धरायला कोणी नाही. सरकार सडलंय, इमारती आतल्या आत कोसळल्यात, काठीवरचे झेंडे मेलेले आहेत. तिथूनच 'द डेड फ्लॅग ब्लूज' हे पहिल्या ट्रॅकचं नाव आलं. मेनकच्या एका अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटाच्या संहितेतला हा उतारा. तो चित्रपट कधीच झाला नाही.

खरं सांगू? शब्द मला जरा नाटकी वाटतात. तरण्या माणसाचं जगबुडीचं वर्णन आहे ते. पण म्हणणाऱ्यानं आवाज चढवलेला नाही. आकाशवाणीवर नदीच्या पाणीपातळीचे आकडे सांगावेत तसं तो सांगत जातो, आणि तेवढ्यानं ते तरतं. आवाज थांबल्यावर काय येतं तिकडे लक्ष द्या: आगगाडी. अगदी सावकाश जाणारी, लांबून. शब्दांना जे जमलं नाही ते त्या डब्यांनी केलंय.

कॅनडातल्या सरे गावाहून एक भगिनी लिहितात: 'ईस्ट हेस्टिंग्ज' हे नाव तुम्ही नुसतं 'एक रस्ता' म्हणून उरकलंत. व्हँकुव्हरला आल्यापासून मी त्या रस्त्यानं बसनं जाते. तो नुसता रस्ता नाही.

ताई, तुमचं पत्र लांब आहे, सगळं छापता येत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वाचकांपर्यंत पोचायला हवं. मेन स्ट्रीटच्या चौकाच्या आसपास फुटपाथवर बसलेली, झोपलेली, कमरेतून वाकून उभ्या-उभ्या पेंगणारी माणसं. बसमधले प्रवासी मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. पुढे त्याच रस्त्यानं बर्नबीत गेलं की किराणा दुकानं, बेकऱ्या, सगळं साधं-सरळ. टोकाला डोंगरावर विद्यापीठ. तुम्ही म्हणता, 'एकाच बसच्या तिकिटात दोन गावं.' नशेची सुई देखरेखीखाली टोचून घेता येईल असं उत्तर अमेरिकेतलं पहिलं अधिकृत केंद्र याच रस्त्यावर २००३ मध्ये उघडलं. म्हणजे सीडीवर हा ट्रॅक निघाला त्यानंतर पाच वर्षांनी.

मी त्यात एवढीच भर घालतो. ट्रॅकच्या सुरुवातीला बॅगपाइपवर पहिल्याच ट्रॅकची धून वाजते, आणि तिच्यात रस्त्यावर ओरडून उपदेश करणारा एक माणूस येतो. बँडनं त्याला नीट ऐकू येईल असं पुढे आणलेलं नाही. तो बसच्या खिडकीतून ऐकू यावा तेवढाच ऐकू येतो. तुमचं पत्र वाचल्यावर मला ते जास्त कळलं.

डोंबिवलीहून एक आई: माझा मुलगा दहावीनंतर हेच ऐकत असतो, दिवा मालवून. मी विचारलं तर 'आई, यात आशा आहे' म्हणतो. मला तर अंत्ययात्रेसारखं वाटतं. काळजी करू का?

जेवतो का नीट? मित्रांत जातो का? मग नको. त्याचं म्हणणंही अगदीच चुकीचं नाही. तिसऱ्या ट्रॅकच्या आरंभी एका माणसाला विचारतात की जगाचा शेवट जवळ आलाय असं वाटतं का. तो सरळ उडवून लावतो, धर्मोपदेशक म्हणतात तसं, मी काही मानत नाही, अशा अर्थाचं. मुलाला ती जागा लावायला सांगा आणि दिवा लावून दोघं मिळून ऐका. तो अवघडेल थोडा, अवघडू द्या.

पुण्यातूनच: हे संगीत एका झोंबीच्या सिनेमात ऐकल्यासारखं वाटतं. भास आहे का?

भास नाही. डॅनी बॉइल यांचा '२८ डेज लेटर', २००२. निर्मनुष्य लंडनमधून नायक हॉस्पिटलच्या कपड्यांत चालतो ते दृश्य. त्यामागे 'ईस्ट हेस्टिंग्ज'चा कापून आखूड केलेला भाग आहे. चित्रपटाच्या संगीताच्या सीडीवर मात्र तो सापडणार नाही, परवानगी मिळाली नाही. जाहिरातदार आणि मोठ्या कंपन्यांशी यांचं कधीच जमलं नाही. २०१३ साली कॅनडाचा पोलॅरिस संगीत पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभाला मोटार कंपनीचं प्रायोजकत्व कशाला, म्हणून जाहीर निवेदन काढून बसले, आणि रक्कम क्यूबेकच्या तुरुंगांतल्या कैद्यांना वाद्यं देण्यासाठी वापरू म्हणाले.

छत्रपती संभाजीनगरहून: असलं संगीत मॉन्ट्रियललाच का झालं? टोरोंटोला का नाही?

घरभाड्यामुळे. मोठं कारण तेच. १९७६ साली क्यूबेकमध्ये स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारा पक्ष निवडून आला आणि इंग्रजी बोलणाऱ्या कंपन्यांनी, बँकांनी आपली बिऱ्हाडं टोरोंटोला हलवायला सुरुवात केली. १९८० साली सार्वमत झालं, १९९५ साली दुसरं. दुसऱ्यात 'वेगळं व्हायचं नाही' म्हणणारे ५०.५८ टक्के निघाले, म्हणजे केसाच्या अंतरानं. अशा शहरात पैसा कोण गुंतवणार? माइल एंडमधल्या कपड्यांच्या गिरण्या-कारखान्यांचे मजलेच्या मजले ओस पडले. नऊ माणसं, दोन ड्रमसेट, अँप्लिफायर आणि प्रोजेक्टर यांना एक खोली लागते, आणि रात्री दोन वाजता तिथे आवाज केला तर कोणी पोलिसांना बोलवायला नको. टोरोंटोत तेवढी जागा घेणारा बँड महिन्याभरात मोडला असता. गिरण्या बंद पडल्या की तिथे मॉल उभा राहतो हे आपण मुंबईत पाहिलंय. तिथे काही वर्षं तरी तो उभा राहिला नाही.

शेवटचं पत्र कोल्हापूरच्या पाच मुलांचं: काका, आम्ही बँड काढलाय. तीन गिटार, बास, ड्रम. असंच काहीतरी करायचंय. पेडल कोणती घ्यावीत?

अरे पोरांनो, पेडलच्या आधी एक व्हायोलिनवाला शोधा. कोल्हापुरात मिळेल, लग्नातल्या वाद्यवृंदात सुद्धा चांगले बसलेले आहेत. तीन गिटारी एकाच सप्तकात वाजायला लागल्या की चिखल होतो. व्हायोलिन त्याच्या वरून जातं. गॉडस्पीडमध्ये पुढे तीन गिटारी, दोन बास, दोन ड्रमवाले असा संच स्थिरावला, पण त्यातला प्रत्येक जण अर्धा वेळ गप्प असतो. ही गप्प बसायची तालीम आधी करा, कारण ती सगळ्यात अवघड आहे, विशेषतः ड्रमवाल्याला.

मग पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची यंत्रं. डिले, म्हणजे पडसाद देणारं, एक पुरे. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारं, सुरुवातीपासून दाबून ठेवलंत तर बाराव्या मिनिटाला चढायला जिनाच उरत नाही. अँप्लिफायरचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवा आणि सुरुवात हातांनी हळू करा. मेनक स्टेजवर तारांवर स्क्रूड्रायव्हर फिरवतो, तो तुमच्या घरात असेलच. फक्त आईच्या मिक्सरचा स्क्रू त्यानंच पिळत असाल तर आधी पुसून घ्या, तेलकट तारा लवकर मरतात.

आगगाडी आणि बॅगपाइपची नक्कल करू नका. ते त्यांच्या खिडकीबाहेरचं होतं. तुमच्या खिडकीबाहेर काय आहे ते मोबाइलवर घ्या: पहाटे गुऱ्हाळाचं इंजिन, केएमटीच्या बसस्टँडवर नंबर पुकारणारा, जे असेल ते. घेताना वाऱ्याकडे पाठ करा. आपल्याकडे कोणी केलंय का असं विचारलंयत, तर अहमदाबादेत सुरू झालेल्या 'ॲज वी कीप सर्चिंग'चा पहिला अल्बम 'ख्वाब' २०१५चा आहे, तो ऐका. पण त्यांचीही नक्कल नको.

रेकॉर्ड झालं की मला पाठवा. पेन ड्राइव्ह नको, कॅसेटवर पाठवा. माझ्याकडे डेक दुरुस्त अवस्थेत आहे, आणि अशा वादनातला खालचा आवाज कॅसेटच्या खरखरीवर टिकतो की बुडतो हे एका ऐकण्यात समजतं. बुडत असेल तर तुमचा सगळ्यात हळू भाग जास्तच हळू आहे, तेवढा वर घ्या.